दारांतलें दार

दार हें बंद करण्यासाठीं असतें कीं उघडण्यासाठीं, या प्रश्नाचा निकाल माणसानें आजवर लाविलेला नाहीं. ज्याच्या हातीं कडी असते त्याला तें बंद करण्यासाठीं आहे असें वाटतें; जो बाहेर उभा असतो त्याला तें उघडण्यासाठीं आहे असें वाटतें; आणि आपापल्या जागेवरून दोघांचेंहि म्हणणें बरोबर असतें. घरांत पाळलेलें मांजर मात्र असें विलक्षण जनावर आहे कीं, त्याला एकाच घटकेंत दोन्ही पक्ष घ्यावयाचे असतात. आंत असलें म्हणजे तें बाहेर जाण्यासाठीं दार खरवडतें. बाहेर गेलें म्हणजे आंत येण्यासाठीं टाहो फोडतें. आणि आपण अंथरुणांतून उठून दार उघडून धरलें म्हणजे तें उंबऱ्यावर उभें राहून, आपणांस नक्की कोणीकडे जावयाचें आहे याचा शांतपणें विचार करूं लागतें. एवढी सवड न्यायाधीशालाहि मिळत नसेल.

या पेंचांतून सुटण्याचा उपाय जुनाच आहे. लांकडी दाराच्या पायथ्याशीं मांजराच्या अंगापुरतें भोंक पाडावें, आणि वारापाऊस आंत येऊं नये म्हणून त्यावर वरच्या कडेस टांगलेलें झुलतें झडप बसवावें. मांजरानें डोक्यानें ढकललें कीं तें उघडतें, मांजर पार झालें कीं तें मिटतें. आजकाल अशीं झडपें चौकटीसकट तयार मिळतात, म्हणून ही कल्पना नव्या बाजाराची आहे असा पुष्कळांचा समज होतो; परंतु तिची वंशावळ बरीच लांब आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनें ‘कँटरबरी टेल्स’मध्यें गिरणीवाल्याच्या तोंडीं जी गोष्ट घातली आहे, तींत एक नोकर बंद खोलींत काय चाललें आहे हें पाहण्यासाठीं खालच्या फळींतील मांजराच्या भोंकाला डोळा लावतो. त्या भोंकाविषयीं चॉसर अधिक खुलासा करीत नाहीं. त्याच्या श्रोत्यांना तें ओळखीचेंच असलें पाहिजे. सर आयझॅक न्यूटनविषयीं तर अशी आख्यायिका आहे कीं, त्यानें मांजरीसाठीं एक मोठें आणि तिच्या पिलासाठीं एक लहान अशीं दोन भोंकें पाडविलीं. एवढ्या बुद्धिमान् पुरुषाला मोठ्या भोंकांतून पिलूंहि जातें हें सुचलें नाहीं, या कल्पनेनें आमच्यासारख्या मध्यम बुद्धीच्या माणसांना पिढ्यान् पिढ्या फार समाधान दिलें आहे. दुर्दैवानें, त्याच्याजवळ सुमारें पांच वर्षें लेखनिक म्हणून राहिलेल्या हंफ्री न्यूटन यानें स्पष्ट लिहून ठेविलें आहे कीं, न्यूटनच्या खोलींत कुत्रें नव्हतें आणि मांजरहि नव्हतें.

खरें भोंक पाहावयाचें असेल तर इंग्लंडांतील एक्झीटर येथील कॅथीड्रलांत जावें. तेथें मोठ्या घड्याळाखालीं एक लांकडी दार आहे आणि त्याच्या तळाशीं एक वाटोळें भोंक आहे. बिशप विल्यम कॉटन याच्या मांजरासाठीं १५९८ सालीं तें पाडलें, आणि त्याबद्दल सुतारांस ८ पेन्स दिले. परंतु आम्हांस याहून मौजेची वाटते ती त्याच देवळाच्या जुन्या हिशेबांतील नोंद. इ. स. १३०५ पासून १४६७ पर्यंतच्या कीर्दींत रखवालदारांच्या बरोबरीनें मांजराच्या नांवें तिमाहीस १३ पेन्स खर्चीं पडलेले दिसतात. म्हणजे तें मांजर आश्रित नव्हतें, नोकर होतें. आणि नोकराला कामाच्या जागीं जाण्यायेण्याची वाट करून देणें हें मालकाचें कर्तव्यच होय.

असेंच एक भोंक आमच्या आजोळीं, कोंकणांत, स्वयंपाकघराच्या परसदाराला होतें. त्याला झडप नव्हतें. फळीच्या खालच्या कोपऱ्यांतून अर्धचंद्राकृति तुकडा कापून काढलेला होता, आणि मांजरांच्या पिढ्यांनीं अंग घासून घासून त्याची कड शिसवीसारखी गुळगुळीत केली होती. भाताच्या कणग्या पलीकडेच असत आणि उंदरांचा बंदोबस्त हें मांजराचें काम होतें, म्हणून त्याला रात्रंदिवस मोकळीक होती. आमची आजी कडक सोंवळ्यांतली. ती चुलीपाशीं बसली असतां आम्हां नातवंडांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबावें लागे. परंतु मांजर त्या भोंकांतून येऊन तिच्या लुगड्याला खुशाल अंग घाशी, आणि तिचें सोंवळें जसेंच्या तसें राही. मांजराला विटाळ नसतो, असें शास्त्र ती आम्हांस सांगे. आम्हांस तेव्हां त्या मांजराचा हेवा वाटे. ज्या सुतारानें तें भोंक पाडलें त्यालाहि तो कदाचित् वाटला असेल. कारण दाराचें काम संपल्यावर त्या दारांतून स्वयंपाकघरांत पाऊल टाकण्याची त्याला परवानगी नव्हती.

हें सगळें आठवण्याचें कारण म्हणजे आमच्या पुण्याच्या घराच्या मागील दाराला असें भोंक पाडावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या घरांत गेल्या वर्षीं उपस्थित झाला आणि जवळजवळ चार महिने चालला. आमचें घर नदीकांठच्या पेठेंत आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या दिवशीं आमचें जुनें परसदार चौकटीसकट वाहून गेलें. दुसऱ्या वर्षीं वडिलांनीं नवें दार करविलें. उभीं-आडवीं लांकडें जाड सागवानाची, मध्यें दोन फळ्या, आंतून लोखंडी कडी आणि शिवाय अडसर. पाण्यापुढें असल्या दाराचें काय चालणार, हें वडिलांना कळत नव्हतें असें नाहीं. परंतु ज्याच्या घरांतून एकदां नदी वाहून गेली आहे तो माणूस जाड दार करवितो, एवढें खरें. आमची आई त्या वेळीं घरांत नवी सून होती. तें दार बसलें तेव्हां तिनें त्याला हळदकुंकूं वाहिलें, आणि तेव्हांपासून त्याची कडी रात्रीं लावणें व पहाटे काढणें हें तिचें काम झालें. वडील गेले, नात शिकण्यासाठीं परगांवीं गेली व जातांना आपली मनी आजीच्या पदरांत टाकून गेली. परंतु कडी आईकडेच राहिली.

ही मनी रात्रीं दोनदां तरी दार मागते. डांस-मच्छरांसाठीं खिडक्यांना जाळ्या बसविल्या असल्यामुळें दुसरी वाट नाहीं. आई ऐंशी ओलांडलेली, गुडघे धरलेले, परसदारापाशीं एक पायरी खालीं उतरावी लागते. काळोखांत तिच्या चपलांचा आवाज ऐकूं आला कीं, कडी सरकल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही अंथरुणांत श्वास रोखून असूं. आम्हीं उठावें तर तिला तें खपत नसे. “तूं नीज, तुला सकाळीं कॉलेज आहे,” असें म्हणून ती आम्हांस परत पाठवी. शेवटीं आम्हीं भोंकाची गोष्ट काढली.

आईनें प्रथम ज्या हरकती घेतल्या त्या कोणींहि घ्याव्या अशाच होत्या. भोंकांतून साप येईल. चोर हात घालून कडी काढील. शेजारचा बोका येऊन दूध पिऊन जाईल. पावसाचें पाणी येईल. आम्हीं प्रत्येकीचें उत्तर दिलें. झडपाच्या खालच्या कडेस लोहचुंबकाची पट्टी असते, ती त्याला चौकटीशीं धरून ठेवते. दार आणि उंबरा यांमध्यें आजच जेवढी फट आहे तीपेक्षां सापाला त्यांत अधिक सोय नाहीं. भोंक कडीपासून इतकें दूर ठेवितां येतें कीं लांब हाताच्या चोराचीहि बोटें तेथवर पोंचूं नयेत. झडपाला खिट्टी असते. ती फिरवून नुसतें आंत येऊं द्यावें, नुसतें बाहेर जाऊं द्यावें, दोन्ही करूं द्यावें किंवा कांहींच करूं देऊं नये, अशा चार तऱ्हा करितां येतात. इतकेंच नव्हे तर मांजराच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची चकती घालतात, ती ओळखून त्याच एका मांजराला वाट देणारें झडपहि निघालें आहे. आईनें सर्व ऐकून घेतलें आणि खरी हरकत सांगितली.

“अरे, मी उठतें ती काय नुसती मांजरासाठीं उठतें? या वयांत झोंप असते कुठें! तिनें हांक मारली म्हणजे उठायला निमित्त होतें. दार उघडावं, चांदणं पाहावं, तिच्याशीं दोन शब्द बोलावे. भोंक पाडलंस म्हणजे मला कोण हांक मारणार?”

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि प्रश्न तेथेंच राहिला.

तो राहिला खरा, परंतु डोक्यांतून जाईना. आईच्या बोलण्यांत सत्तेची मिजास मुळींच नव्हती. दार उघडून देण्यांत जो आनंद आहे तो तिचा निर्मळ आनंद होता. तरीहि एक गोष्ट आमच्या ध्यानांत आल्यावांचून राहिली नाहीं. कडी आणि भोंक यांतला भेद हा कृपा आणि हक्क यांतला भेद आहे. कडी काढणारा कितीहि प्रेमळ असला तरी प्रत्येक वेळीं मागावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं तो जागा असावा लागतो. भोंकाला मागावें लागत नाहीं. मांजराच्या निमित्तानें माणसांची गोष्ट काढणें कोणास प्रशस्त वाटणार नाहीं. परंतु ही तुलना आम्हीं केलेली नव्हे, आमच्या समाजानें ती पूर्वींच आपल्या वागणुकीनें करून ठेविली होती. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरें पाणी पीत होतीं आणि अस्पृश्य ठरविलेल्या माणसांना तेथें मज्जाव होता. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. पुढील वर्षीं महाडच्या नगरपालिकेनेंहि तसाच ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी पिईपर्यंत तो ठराव कागदावर होता, आणि त्यानंतरहि हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. पंढरपूरच्या मंदिराचें दार सर्वांना उघडावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं प्राणांतिक उपोषण केलें. त्या काळींहि अशीं सज्जन माणसें थोडीं नव्हतीं कीं, जीं अडल्यानडल्याला स्वतः विहिरीवरून पाणी काढून वाढीत. पाणी देण्यास त्यांची ना नव्हती. मागणाऱ्यानें मागूं नये, स्वतः घ्यावें, ही गोष्ट मात्र त्यांतल्या पुष्कळांना जड गेली. दुष्टाकडून दार उघडून घेण्यास झगडावें लागतें हें सर्वांना कळतें. परंतु दयाळूहि आपल्या हातांतली कडी सोडावयास सहजासहजीं तयार होत नाहीं, आणि त्याचें कारण त्याच्या दयेंतच असतें.

आमच्या घरच्या वादाचा निकाल मात्र कोणत्याहि युक्तिवादानें लागला नाहीं. श्रावणांत आईला ताप आला. औषधाच्या गुंगीनें तिला गाढ झोंप लागली. पावसाच्या आवाजांत मनीची हांक आमच्याहि कानीं पडली नाहीं. सकाळीं दार उघडलें तेव्हां ती पायरीवर, भिजून अर्धी झालेली, भिंतीशीं अंग चोरून बसली होती. आईनें तिला पदरानें पुसलें. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “पाऊस सरला कीं बोलाव मिस्त्रीला. मी आहें तोंवर ठीक. मी नसेन तेव्हां हिला कोण उघडणार?”

जो विचार आम्ही चार महिने ग्रंथांच्या आधारानें करीत होतों, तो तिनें एका वाक्यांत पुरा केला. कृपा ही देणाऱ्याच्या आयुष्याइतकीच टिकते. लांकडांत पाडलेली वाट त्याच्यामागें उरते.

पाऊस सरेपर्यंत थांबावयाचें हें तिनें बरोबर सांगितलें, कारण पावसाळ्यांत सागवानहि थोडें फुगतें आणि त्या वेळीं घेतलेलें माप पुढें चुकतें. कार्तिकांत मिस्त्री आले. साठीच्या घरांतले, थोडें बोलणारे गृहस्थ. त्यांनीं दार ठोकून पाहिलें आणि म्हणाले, “सर, हात लावायचा तो फळीलाच. उभ्या-आडव्या लाकडांना करवत लागली तर सांधे सुटतील.” दाराचें सारें बळ त्या सांगाड्यांत असतें, फळ्या ही केवळ भरणी. खालची फळी समूळ काढून ठेवितां येईल काय, म्हणजे वडिलांच्या लांकडाला धक्का लागणार नाहीं, असें आम्हीं विचारलें. परंतु ती खांचेंत बसविलेली होती, आणि तिला काढावयाची तर सगळें दार उकलावें लागलें असतें. कापण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

मग मनीचें माप घेतलें. मांजराच्या खांद्याचें हाड इतर हाडांशीं जखडलेलें नसतें, म्हणून जेथून त्याचें डोकें जातें तेथून बहुधा अंगहि जातें. तरी मनी खाऊनपिऊन सुखी असल्यामुळें मिस्त्रींनीं सढळ हातानें सहा इंच रुंदी व सात इंच उंची धरली. भोंकाची खालची कड जमिनीपासून तिच्या पोटाच्या उंचीवर ठेविली, म्हणजे तिला उडी मारावी लागूं नये व सरपटावेंहि लागूं नये. बाहेरची जमीन पायरीभर खालीं असल्यामुळें तेथें विटांचा एक ओटा करावयाचें ठरलें. गुण्या लावून आंतल्या बाजूनें रेघा आंखल्या. चार कोपऱ्यांत गिरमिटानें आरपार भोंकें पाडलीं, म्हणजे बाहेरच्या बाजूलाहि तीच जागा कळते. रेघांवर चिकटपट्टी लाविली, म्हणजे करवतीच्या दांतांनीं लांकडाचे कपचे निघत नाहींत. मग निमुळत्या पात्याची हातकरवत एका कोपऱ्यांत घालून त्यांनीं कापण्यास आरंभ केला. आई खुर्ची टाकून समोर बसली होती. दार साठ वर्षांचें, उन्हापावसानें बाहेरून काळवंडलेलें. पण करवतीखालून जो भुसा पडूं लागला तो मधासारखा पिवळा होता, आणि सागाचा तो तेलकट वास घरभर पसरला. आई म्हणाली, “आंतून नवंच आहे कीं रे हें!”

कापलेल्या कडांना मिस्त्रींनीं कानस व पॉलिश पेपर मारला, आणि चौकट बसविण्यापूर्वीं रोगणाचे दोन हात देऊन ते पुरते वाळूं दिले. कारण लांकूड पाणी पितें तें मुख्यतः कापलेल्या तोंडांनीं, आणि चौकटीआड दडलेली कड कुजूं लागली तर फार उशिरा कळतें. चौकटीचे दोन भाग, एक आंतून व एक बाहेरून, समोरासमोर धरून स्क्रूंनीं आवळले. स्क्रूंचीं छिद्रें किंचित् सैल ठेविलीं, म्हणजे फळीला पावसाळ्यांत फुगावयास जागा राहील. “फार आवळूं नये, आजी,” ते आईला म्हणाले, “लाकडाला थोडं हलूं द्यावं लागतं.” निघालेला चौकोनी तुकडा आईनें मागून घेतला. त्याच्या कडा त्यांनीं न सांगतां घासून दिल्या. तो आतां तिच्या उशाशीं असतो; त्यावर रात्रीं पाण्याचें भांडें ठेवलेलें असतें.

मनीला शिकविण्यास आठ दिवस लागले. पहिले चार दिवस झडप दोरीनें वर बांधून ठेविलें आणि पलीकडे मासळीचा तुकडा ठेविला. मग दोरी थोडी थोडी सैल केली. शेवटीं झडप तिच्या कपाळावर टेंकूं लागलें तेव्हां तिनें एकदां मागें वळून आईकडे पाहिलें, डोकें खालीं घातलें आणि ती पार झाली. त्या रात्रीं चपलांचा आवाज आला नाहीं. आम्हांस निर्धास्त झोंप लागावयास हवी होती. पण त्या आवाजाची वाट पाहण्याची इतकी संवय झाली होती कीं, तो न आल्यामुळेंच आम्ही दोनदां जागे झालों. सकाळीं आई नेहमींपेक्षां उशिरा उठली आणि चहा होईपर्यंत फारसें बोलली नाहीं.

असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका रात्रीं, झडप उघडें असतां, खिट्टी मोकळी असतां, मनी परसदारापाशीं बसून पूर्वींसारखी हांक मारूं लागली. आम्ही उठून पाहावयास गेलों तों आई आमच्या आधींच तेथें पोंचली होती. मनी झडपापासून वीतभर अंतरावर बसून कडीकडे पाहत होती. झडपाकडे बोट दाखवून आम्ही म्हणालों, “तिला येतं कीं जातां!”

“येतं ना,” आई म्हणाली, “म्हणूनच तर उठलें.” आणि तिनें कडी काढली.